बांधकामस्थळावरील धूप नियंत्रण व पर्जन्यजल व्यवस्थापन

बांधकामस्थळावरील धूप नियंत्रण म्हणजे इमारत, रस्ता, लोहमार्ग, धरण यांसारखे काम चालू असताना उघडी पडलेली माती पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाऊ नये आणि वाहू लागलेली माती कामाच्या हद्दीबाहेर पडू नये, यासाठी केलेली व्यवस्था होय. या व्यवस्थेची दोन अंगे आहेत. मातीचा कण जागचा हलूच न देणे हे धूप नियंत्रण आणि हललेला कण वाटेत अडवणे हे गाळ नियंत्रण. व्यवहारात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. परंतु या विषयात त्यांतील भेद कळीचा आहे. हवामान बदलामुळे कमी वेळात अधिक पाऊस पडू लागल्यापासून केवळ गाळ अडवण्यावर भिस्त ठेवणाऱ्या पद्धती अपुऱ्या पडत असून माती झाकण्याला आणि कामाच्या वेळापत्रकाला अधिक महत्त्व आले आहे.

धूप होण्याची प्रक्रिया

पावसाचे मोठे थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने जमिनीवर आदळतात. गवत, पालापाचोळा किंवा झाडोरा असेल तर हा आघात त्यावर झेलला जातो. उघड्या जमिनीवर मात्र थेंबाच्या माऱ्याने मातीची ढेकळे फुटतात, सुटे झालेले बारीक कण छिद्रांत बसून पृष्ठभाग चोपडा होतो आणि पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते. प्रथम मातीचा पातळ थर सर्वत्र सारखा निघून जातो (सालकाढी धूप), पुढे पाणी एकवटून बोटभर रुंदीचे ओघळ पडतात आणि ओघळ एकमेकांस मिळून घळी तयार होतात. घळ एकदा पडली की ती बुजवण्याचा खर्च आरंभीच माती झाकण्याच्या खर्चाहून कितीतरी अधिक होतो.

बांधकामाच्या जागी या प्रक्रियेला अनुकूल असे सर्व काही एकत्र येते. वरची सुपीक माती खरवडून काढलेली असते, अवजड यंत्रांच्या चाकांनी खालची जमीन दाबली गेलेली असते, नैसर्गिक ओहोळ बुजवलेले असतात आणि भरावाचे उतार अद्याप स्थिरावलेले नसतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार बांधकामस्थळावरून वाहून जाणाऱ्या गाळाचे प्रमाण शेतजमिनीच्या १० ते २० पट आणि वनजमिनीच्या १,००० ते २,००० पट असते. शेतीतील धूप वर्षानुवर्षे चालते. बांधकामाची धूप दोन-तीन पावसाळ्यांपुरती असते, पण तेवढ्यात एखादा ओढा गाळाने भरून जाऊ शकतो.

धुपेचे गणित मांडण्यासाठी वॉल्टर विशमायर आणि ड्वाइट स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तयार केलेले मृदाहानीचे सार्वत्रिक समीकरण वापरले जाते. ते १९६५ साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले व १९७८ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. मूळ हेतू शेतीचा असला तरी पुढे ते बांधकामासाठीही वापरात आले. पावसाची धूपकारक शक्ती, मातीची धुपण्याची प्रवृत्ती, उताराची लांबी व तीव्रता, आच्छादन आणि संधारणाचे उपाय या घटकांचा हा गुणाकार आहे. बेरीज नसून गुणाकार आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावी. पूर्ण उघड्या जमिनीसाठी आच्छादनाचा घटक १ धरतात. सौम्य उतारावर भाताच्या किंवा गव्हाच्या पेंढ्याचा पुरेसा जाड थर दिल्यास तो सुमारे एक-दशांशापर्यंत उतरतो. म्हणजे पावसाची धूपकारक शक्ती एक-पंचमांशाने वाढली तरी, माती झाकलेली असल्यास, एकूण हानी पूर्वीच्या उघड्या जमिनीच्या तुलनेत सुमारे एक-अष्टमांशच राहते. या समीकरणातील पाऊस हा घटक माणसाच्या हाती नाही आणि मातीचा प्रकारही बहुधा नसतो. आच्छादन मात्र पूर्णपणे हाती असते.

गाळ अडवण्याच्या मर्यादा

वाहून आलेली माती खड्ड्यात किंवा तळ्यात साठवून तळाशी बसू द्यावी आणि वरचे निवळ पाणी सोडावे, हा गाळ नियंत्रणाचा सर्वांत जुना मार्ग आहे. त्याची मर्यादा पदार्थविज्ञानाने ठरवून दिली आहे. स्टोक्सच्या नियमानुसार स्थिर पाण्यात कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ०.१ मिलिमीटर व्यासाचा बारीक वाळूचा कण एक मीटर खोली सुमारे दोन मिनिटांत उतरतो. ०.०१ मिलिमीटरच्या पोयट्याच्या कणास सुमारे तीन तास लागतात आणि ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणास तीन दिवसांहून अधिक. तेही पाणी पूर्ण निश्चल असेल तर. पावसाळ्यात तीन दिवस निश्चल राहणारे तळे सापडणे कठीण.

दख्खनच्या पठारावरील काळी माती मुख्यतः अशाच अतिसूक्ष्म चिकणकणांची बनलेली आहे. म्हणून पुणे, सोलापूर, नागपूर यांसारख्या ठिकाणी काळ्या जमिनीवर काम चालू असेल तर केवळ गाळकुंड बांधून पाणी निवळत नाही. कण एकत्र बांधणारी तुरटीसारखी द्रव्ये किंवा पॉलिअॅक्रिलामाइडसारखी बहुवारिके पाण्यात घालून त्यांचे पुंजके जमवावे लागतात. ही द्रव्ये मापात वापरावी लागतात, कारण अतिरेक झाल्यास ती माशांना अपाय करतात.

बदलता पाऊस

हवेचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे एकूण वार्षिक पाऊस फारसा न बदलताही एकेक सर अधिक जोरदार होऊ शकते. हवामान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालानुसार, औद्योगिकीकरणापूर्वी सरासरी दहा वर्षांतून एकदा येणारा अतिवृष्टीचा दिवस १ अंश तापमानवाढीच्या जगात त्याच काळात १.३ वेळा येतो. २ अंश वाढ झाल्यास तो १.७ वेळा येईल आणि त्या दिवसाचा पाऊस सुमारे १४ टक्क्यांनी अधिक असेल. हे जागतिक भूभागाचे आकडे झाले. भारतापुरते पाहिल्यास, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील बी. एन. गोस्वामी व सहकाऱ्यांनी २००६ साली मध्य भारतातील अतिवृष्टीच्या घटनांत वाढ होत असल्याचे दाखवले होते. त्याच संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांच्या २०१७ मधील अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत प्रदेशावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे आढळले. एकूण मोसमी पाऊस मात्र याच काळात काहीसा घटला होता.

याचा बांधकामाशी संबंध असा. तात्पुरत्या रचना बहुधा ‘दोन वर्षांतून एकदा’ किंवा ‘दहा वर्षांतून एकदा’ येणाऱ्या पावसासाठी आखल्या जातात. ‘दहा वर्षांतून एकदा’ या शब्दप्रयोगाने पुष्कळांचा गैरसमज होतो. तो पाऊस आज आला म्हणजे पुढील नऊ वर्षे निश्चिंती, असा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी तो येण्याची शक्यता एक-दशांश आहे, एवढाच अर्थ आहे. तीन पावसाळे चालणाऱ्या कामात असा पाऊस एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २७ टक्के असते. पर्जन्यमानाची आकडेवारी जुनी असेल आणि हा पाऊस प्रत्यक्षात पाच वर्षांतून एकदा येऊ लागला असेल, तर हीच शक्यता सुमारे ४९ टक्के होते. आराखड्यावरील आकडा तोच राहतो, पण त्यामागील भरवसा बराच कमी झालेला असतो. दोन वर्षांच्या पावसासाठी आखलेली रचना तर एका पावसाळ्यातच अपुरी पडण्याची शक्यता मुळातच निम्मी असते.

तळ्याची क्षमता आणि मोसमी पाऊस

अमेरिकेतील बांधकाम परवान्यात गाळकुंडाची क्षमता दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या २४ तासांच्या पावसाचे पाणी मावेल इतकी, अथवा पाणलोटाच्या दर एकरामागे ३,६०० घनफूट, अशी ठरवलेली आहे. दुसरा आकडा आपल्या मापात हेक्टरी सुमारे २५० घनमीटर होतो. हेक्टरभर जमिनीवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी, हे साधे गुणोत्तर लावले की हे कुंड केवळ २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच, पाण्यासाठी आहे असे दिसते. कोकणात ऐन आषाढात एवढा पाऊस तासाभरात पडणे ही नवलाची गोष्ट नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या हिशेबाने एका हेक्टरवर ९,४४० घनमीटर पाणी पडले. एवढे पाणी साठवणारे कुंड बांधायचे तर बांधकामाला जागाच उरणार नाही.

यावरून अमेरिकेतील निकष चुकीचा ठरत नाही. तो तेथील वर्षभर विखुरलेल्या पावसासाठी आहे. परंतु तो जसाच्या तसा उचलून मोसमी प्रदेशात लावणे व्यर्थ आहे. येथे कुंडाचे काम सर्व पाणी साठवणे हे नसून जाडा गाळ अडवणे आणि उरलेले पाणी कुंड न फोडता सुरक्षितपणे पुढे जाऊ देणे हे आहे. त्यासाठी कुंडास दगडी फरसबंदीचा सांडवा असावा लागतो आणि तो कुंडाच्या आकारमानापेक्षाही महत्त्वाचा ठरतो. सांडवा नसलेला मातीचा बांध पाणी वरून जाताच काही मिनिटांत कापला जातो आणि आठवडाभर साठलेला गाळ एकदम खाली सोडतो. अशा वेळी कुंड नसते तर बरे झाले असते, असे म्हणायची पाळी येते.

कामाचे वेळापत्रक

मोसमी हवामानाने एक मोठी सवलतही दिली आहे. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत वर्षातील सुमारे आठ महिने जवळजवळ कोरडे असतात. खोदाई, भराव व उतारांचे काम दिवाळीनंतर सुरू करून मे महिन्याच्या आत उतार झाकून घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. शेतकरी जसा मृगाच्या आधी बांधबंदिस्ती उरकतो, तसेच हे. मोठ्या प्रकल्पात सर्व जमीन एकदम न उघडता टप्प्याटप्प्याने उघडतात व एक टप्पा झाकल्यावरच दुसऱ्यास हात घालतात.

मात्र ही दिनदर्शिकाही आता पूर्वीइतकी भरवशाची राहिलेली नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला समांतर गेले. २०२५ साली मोसमी पाऊस ११ जून या नेहमीच्या तारखेऐवजी २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. त्याच दिवशी वरळी येथील आचार्य अत्रे चौक या काही दिवसांपूर्वी सुरू झालेल्या भूमिगत मेट्रो स्थानकात पाणी व चिखल शिरला. स्थानकाच्या एका प्रवेशमार्गाचे बांधकाम चालू होते व तेथील पाणी अडवणारी भिंत पाण्याच्या लोंढ्याने कोसळली होती. ‘जूनपर्यंत करून घेऊ’ असे म्हणून ठेवलेली कामे किती जोखमीची झाली आहेत, याचे हे ठळक उदाहरण आहे. म्हणून झाकण्याची अंतिम मुदत जूनचा पहिला आठवडा न धरता मेच्या मध्यावर आणावी आणि आच्छादनाचे साहित्य एप्रिलमध्येच कामावर आणून ठेवावे, हे श्रेयस्कर.

प्रत्यक्ष उपाय

पहिला उपाय म्हणजे बाहेरचे पाणी आत येऊ न देणे. वरच्या अंगाने येणारे स्वच्छ पाणी चर काढून कामाभोवतीने वळवले की हाताळण्याचे गढूळ पाणी पुष्कळ कमी होते. अतिवृष्टीत हे चर स्वतःच कापले जाऊ नयेत म्हणून तीव्र उतारावर त्यांना दगडाचे अस्तर देतात व अधूनमधून अनघड दगडी बांध घालतात. मृदसंधारणाच्या कामांतील हे बांध ग्रामीण महाराष्ट्रात सर्वपरिचित आहेत.

लांब उतार मधे तोडणे हा दुसरा. वर सांगितलेल्या समीकरणानुसार उताराची लांबी दुप्पट झाली की दर चौरस मीटरमागे होणारी हानी सुमारे १.४ पट होते. म्हणून उंच भरावावर ठरावीक उंचीमागे सपाट पायऱ्या ठेवतात आणि प्रत्येक पायरीवरचे पाणी बाजूच्या पक्क्या नाल्यात उतरवतात.

आच्छादनासाठी पेंढा, ताग किंवा काथ्याचे जाळीदार कापड आणि अखेरीस गवत वापरले जाते. तागाच्या वस्त्रासाठी भारतीय मानक आयएस १४९८६ (२००१) आणि रस्त्याच्या उतारांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ५६ ही मार्गदर्शिका (२०११) उपलब्ध आहे. तागाचे वस्त्र एक-दोन पावसाळ्यांत कुजते आणि तोवर खालून आलेले गवत त्याची जागा घेते. वाळ्याची मुळे दोन-तीन मीटर सरळ खोल जात असल्याने तो उतार धरून ठेवण्यास उपयोगी पडतो. कोकण रेल्वेच्या मार्गावर डोंगर कापून केलेल्या उतारांवर त्याची लागवड झालेली आहे. गवताची एक अडचण आहे. पावसात मोठा खंड पडला की कोवळे रोप जळते आणि खंडानंतरची पहिलीच सर अनेकदा मुसळधार असते. म्हणून बी पेरल्यावरही वरचे वस्त्र काढत नाहीत. प्लास्टिकची ताडपत्री तातडीच्या वेळी उपयोगी असली तरी तिच्यावरून सर्वच पाणी वाहत असल्याने तिच्या पायथ्याशी घळ पडण्याचा धोका असतो.

गाळ अडवणारे कापडी कुंपण (सिल्ट फेन्स) हा सर्वांत जास्त दिसणारा आणि सर्वांत चुकीच्या पद्धतीने उभारला जाणारा उपाय आहे. त्याच्या कापडाची खालची कड सुमारे १५ सेंटिमीटर खोल चरात गाडावी लागते, ते समतल रेषेवर उभारावे लागते आणि त्याची दोन्ही टोके चढाच्या बाजूस वळवावी लागतात. साधारणतः ३० मीटर लांबीच्या कुंपणाने ०.१ हेक्टरपेक्षा अधिक क्षेत्राचे पाणी पेलण्याची अपेक्षा ठेवू नये. ओढ्यात आडवे लावलेले कुंपण पहिल्या पुरात वाहून जाते. ते प्रवाहासाठी नसतेच.

वाहनांच्या चाकांना लागून रस्त्यावर येणारा चिखल शेवटी पावसाळी गटारातच जातो. त्यासाठी बाहेर पडण्याच्या वाटेवर खडीचा जाड थर देतात किंवा चाके धुण्याची सोय करतात. मुंबईत महानगरपालिकेने २०२३ साली बांधकामांना चाके धुण्याची जी सक्ती केली, ती धूळ रोखण्यासाठी होती. पावसाळ्यात तिचा उपयोग चिखलासाठीही होतो.

खोदकामातील पाणी व संरक्षक भिंती

शहरांत तळघरांसाठी केलेले खोल खड्डे पावसाळ्यात भरतात आणि ते पाणी पंपाने थेट गटारात सोडले जाते. तळाशी ठेवलेला पंप सर्वांत गढूळ पाणी उपसतो. त्याऐवजी पंपाचे तोंड तरंगत्या फळीला बांधून पृष्ठभागालगतचे पाणी घेतले व ते दोन-तीन कप्प्यांच्या टाकीतून जाऊ दिले, तर गाळ पुष्कळ कमी होतो.

खड्ड्याच्या कडेला असलेल्या भिंतींचा प्रश्न गाळापुरता नाही. भिंतीमागील माती पाण्याने भिजली की तिचे वजन वाढते, तिची घट्ट राहण्याची ताकद घटते आणि पाण्याचा दाब भिंतीवर येतो. पाणी निघून जाण्यासाठी भिंतीत भोके व मागे खडीचा थर नसेल, आणि पायथ्याची माती खोदकामात काढली गेली असेल, तर भिंत कोसळते. २९ जून २०१९ रोजी पहाटे पुण्यातील कोंढवा भागात जोरदार पावसानंतर एका वसाहतीची सीमाभिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जणांचा मृत्यू झाला. मृतांत लहान मुलेही होती. मजुरांची वस्ती बहुधा कामावरील उरल्यासुरल्या जागेत, म्हणजे उताराच्या किंवा भिंतीच्या पायथ्याशी, वसवली जाते. पावसाळी आराखड्यात पाण्याच्या वाटा दाखवल्या जातात, तशी या वस्तीची जागाही दाखवली गेली पाहिजे. ती भिंतीच्या व भरावाच्या पायथ्यापासून दूर असणे ही या विषयातील पहिली अट मानावी लागेल.

देखरेख

तात्पुरत्या रचनांचे आयुष्य देखभालीवर अवलंबून असते. अमेरिकेच्या २०२२ च्या परवान्यानुसार दर सात दिवसांनी एकदा, अथवा दर चौदा दिवसांनी एकदा व शिवाय पाव इंच पाऊस झाल्यावर २४ तासांच्या आत, पाहणी करावी लागते. कुंपणामागील गाळ त्याच्या निम्म्या उंचीपर्यंत आला की काढावा लागतो. बदलत्या हवामानात पावसानंतरच्या पाहणीइतकीच पावसाआधीची पाहणीही आवश्यक ठरते. भारतीय हवामान विभाग जिल्हावार इशारे देतो. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.४ मिलिमीटरच्या वर ‘अत्यंत जोरदार’ असे पावसाचे वर्ग आहेत. कोणत्या इशाऱ्यावर काय करायचे, म्हणजे खोदाई कधी थांबवायची, सांडवे कोणी मोकळे करायचे, पायथ्याची माणसे कोठे हलवायची, हे कामाच्या फलकावर आधीच लिहिलेले असल्यास ऐनवेळी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

कायदेशीर तरतुदी

अमेरिकेत १९७२ च्या स्वच्छ जल कायद्याखाली १९९० पासून पाच एकर व त्याहून मोठ्या बांधकामांना पर्जन्यजलाचा परवाना आवश्यक झाला. १९९९ च्या नियमांनी ही मर्यादा एक एकरावर आणली. उघडी जमीन किती दिवसांत झाकायची याची मुदतही तेथे घालून दिली आहे : पाच एकरांपर्यंत काम थांबल्यापासून चौदा दिवस, त्याहून अधिक क्षेत्र उघडे असल्यास सात दिवस. पाण्याच्या गढूळपणाला देशभर लागू होणारी २८० एनटीयू ही मर्यादा २००९ साली जाहीर झाली होती, परंतु ती अमलात येण्यापूर्वीच स्थगित झाली व २०१४ साली मागे घेण्यात आली. वॉशिंग्टन राज्याने मात्र २५ एनटीयू हा कितीतरी कडक मापदंड ठेवला आहे.

भारतात यासाठी स्वतंत्र परवाना नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार सर्वसाधारणपणे २०,००० चौरस मीटर व त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांना पूर्वमंजुरी घ्यावी लागते. वरची माती जपून ठेवणे, पावसाळी पाण्याचा निचरा अशा अटी त्या मंजुरीत घातल्या जातात. शहरांतील निचऱ्यासाठी केंद्रीय सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण अभियांत्रिकी संघटनेने २०१९ साली पर्जन्यजल निचरा प्रणालीची नियमपुस्तिका प्रसिद्ध केली. तिचा भर कायमस्वरूपी गटारांवर आहे. २०,००० चौरस मीटरांखालील बांधकामे स्थानिक प्राधिकरणाच्या परवानगीच्या अटींखाली येतात आणि तेथे काम चालू असतानाची माती ही बहुधा कंत्राटदाराच्या मर्जीवर सोपवलेली असते. त्या मातीचा जो भाग नाल्यात उतरतो, तो पुढील वर्षी पावसाळ्याआधीच्या नालेसफाईत महानगरपालिकेच्या खर्चाने काढला जातो.